जुन्या स्पोर्ट्स कारचा सेल्फ (स्टार्टर मोटर) उचलत नाही? खोलायच्या आधी हे वाचा

आमच्या गॅरेजवर येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "पात्रांव, सेल्फ गेला, नवीन कितीला पडेल?" गाडी जुनी ब्रिटिश एमजी असो, सॅन स्टॉर्म असो नाहीतर कोणाच्या काकांनी आणलेली जुनी दोन सीटची इम्पोर्टेड, चावी फिरवली, टक् करून गप्प बसली की मालकाचं निदान ठरलेलं. तेच तेच फोनवर समजावून सांगतोय म्हणून हे लिहून ठेवलं. गाडी आणायच्या आधी एकदा वाचा, तुमचा पण वेळ वाचेल आणि आमचा पण.

आधी आवाज ऐका आणि लाइट बघा. हेडलाइट चालू ठेवून चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाली आणि एकच टक् आला तर करंट कुठेतरी अडतोय किंवा बॅटरी उतरलीय (सेल्फ आतून जाम असेल तरी असंच होतं, पण तो नंबर नंतरचा). टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुतेक बॅटरी डाऊन किंवा टर्मिनल ढिलं. लाइट आहे तशीच राहिली आणि आवाजच नाही तर चावीचा स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) किंवा त्याच्यावर जाणारी बारीक वायर बघायची. सेल्फ नुसताच गरगर फिरतोय आणि इंजिन हलत नाही तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनला अडकवणारा भाग). आणि इंजिन मस्त फिरतंय पण पेटत नाही, तर मंडळी, सेल्फ बिचारा आपलं काम करतोय, पेट्रोल येतंय का, स्पार्क पडतोय का, म्हणजे कॉइल, पॉइंट ह्यांच्याकडे बघा. कॉइलला बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टर) असलेल्या गाड्यांत एक गंमत असते, चावी धरून ठेवली तोवर इंजिन पेटतं आणि सोडली की लगेच बंद, तिथे बॅलास्ट उडालेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली. यातलं काय होतंय एवढं फोनवर नीट सांगितलंत तरी आम्हाला कोणती हत्यारं घेऊन निघायचं ते कळतं.

आता मुख्य मुद्दा, जिथे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. हल्ली घरोघरी मल्टीमीटर आहे, चांगली गोष्ट. पण होतं काय, बॅटरीला मीटर लावला, १२.६ आला, मग सेल्फच्या मोठ्या बोल्टवर लावला, तिथे पण १२.६, म्हणजे बॅटरी ओके, केबल ओके, मग सेल्फच गेला. मग रविवारचा अर्धा दिवस गाडीखाली, वरचा बोल्ट हाताला येत नाही, पाना घसरतो, बोटं सोलतात, आणि सोमवारी सकाळी सेल्फ पिशवीत घालून आमच्या दारात. आम्ही तो टेबलावर आमच्या बॅटरीला, आमच्या जाड केबलने लावतो आणि तो फर्रकन फिरतो. आता आम्ही काय सांगणार? लोड नसताना टेबलावर फिरला म्हणजे शंभर टक्के चांगला असंही नाही, आणि जिथे खरा फॉल्ट आहे ती गाडी तुमच्या घरी पोर्चमध्ये. म्हणजे सेल्फ परत बसवा, गाडी टो करून आणा, मग चेकिंग सुरू.

मीटरने खोटं सांगितलं असं नाही, प्रश्नच चुकीचा विचारला होता. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. केबलच्या आतल्या सगळ्या तारा कुजून एक शाबूत राहिली तरी मीटर १२.६ च दाखवणार. सेल्फ मात्र इंजिन फिरवताना सहज १५० अँपिअर खेचतो, आणि टर्मिनलवर ०.०१ ओहम एवढा जरी अडथळा असला तरी १५० अँपिअरला तिथल्या तिथे दीड व्होल्ट गेला. असे दोन-तीन जॉइंट खराब असले की सेल्फला काय उरणार?

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची बारीक वायर काढून ठेवलेली म्हणजे इंजिन पेटणार नाही (इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा). एकाने चावी मारायची, एकाने मीटर बघायचा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका. पहिलं, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर, साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करून बघा, तरी तेच तर बॅटरी. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, शिशाच्या खुंटीवरच टोचायची, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग बॅटरीची मायनस खुंटी ते इंजिनचा ब्लॉक, तिथे ०.२ नाहीतर ०.३, त्याच्या वर नको. जिथे आकडा जास्त, तिथे फॉल्ट. काही खोलायचं नाही, काही विकत आणायचं नाही.

यात अर्थिंग लोक हमखास विसरतात. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी जी चपटी विणलेली पट्टी असते ती तुटली किंवा कुजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी कधी चोकच्या केबलमधून जाते. चावी मारली आणि चोकची नॉब गरम लागली, डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, तर पुन्हा चावी मारू नका आणि दुसरं काही शोधू पण नका, सरळ ती पट्टी बघा. दुसरी गोष्ट पेंटिंगची. गाडी टिंकरिंग-पेंटिंग करून चकचकीत होऊन येते आणि दुसऱ्या आठवड्यात सेल्फ मारत नाही, कारण पेंटरने अर्थिंगच्या जागेवर पण छान दोन हात मारलेले असतात. पेंटरशी भांडू नका, तो त्याचं काम करतो, ती जागा पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. सॅन स्टॉर्मसारख्या गाडीची बॉडी फायबरची, त्यातून करंट जाणारच नाही, तिथे सगळा भार वायरी आणि चॅसीवर, त्यामुळे प्रत्येक अर्थची वायर शेवटपर्यंत तपासायला लागते.

आणि आपली गोव्याची हवा. कांदोळी, मिरामार, कोलव्याकडच्या गाड्यांच्या केबल बाहेरून नव्यासारख्या दिसतात, पण लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाजवळचं) रबर थोडं सोललं की आत तांब्याच्या जागी हिरवी पूड. केबल वाकवून बघा, कडक लागली आणि आत करकरली तर ती गेली. १९७४ च्या आधीच्या एमजीबीत तर सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, कापडी हूड गळतं, पाणी नेमकं तिथे, आणि तिथून पुढे सेल्फपर्यंत लांबच लांब केबल. तिथे जॉइंट पण जास्त आणि गंज पण जास्त. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत प्लसला अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, हे पण लक्षात ठेवा, शेजाऱ्याच्या आय-टेनवरून जंप देताना लाल-काळं बघूनच लावून मोकळे झालात तर सेल्फपेक्षा मोठा खर्च निघेल.

ज्यांची गाडी चवथीला आणि नाताळालाच बाहेर निघते त्यांच्यासाठी. म्युझिक सिस्टम, अलार्म मिळून गाडी उभी असताना ५० मिलीअँपिअर जरी खात असेल तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले, चाळीसची बॅटरी महिन्याभरात साफ. मग दोष बॅटरी कंपनीला. आम्ही कट-ऑफ स्विच बसवून देतो, छोटं काम आहे, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर बॅटरी आमच्याकडे चार्जवर ठेवायची पण सोय आहे.

आता चेकिंग चार्जबद्दल, कारण त्यावरून कुरबूर होते. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारतात. हो, घेतो, कारण तो फॉल्ट शोधायला एक माणूस मीटर घेऊन बसतो आणि शेवटी कधी कधी निघतो एक लग बदलायचा. चेकिंगचे पैसे घेतले नाहीत तर ते पैसे कुठून काढायचे, तुम्हाला गरज नसलेला सेल्फ विकून? काम आमच्याकडे केलंत तर चेकिंग बिलात वजा होतं, आणि काढलेला जुना पार्ट तुम्हाला हातात मिळतो. सेल्फ खरंच गेला असेल तर आधी कार्बन (ब्रश), बुश, आर्मेचर बघतो, बहुतेक जुने सेल्फ रिपेअर होतात. रिडक्शन गिअरचा नवीन सेल्फ पण घालून देतो, तो करंट कमी खातो, गरम इंजिनला बरा पडतो, पण कुजलेल्या केबलवर तो घालायला आम्ही नाही म्हणतो, कारण त्याने फॉल्ट झाकला जातो आणि सहा महिन्यांनी गाडी बोरी पुलावर उभी राहते. (हातोडीने सेल्फला टकटक करून चालू होत असेल तर कार्बन संपत आलेत, घरी पोचा आणि दुसऱ्या दिवशी या, रोजचा उपाय करू नका.)

येताना सेल्फ गाडीतच असू द्या. बॅटरी नवीन घातली असेल तर जुनी पण आणा, ती चांगली निघाली असं पण होतं. आणि मध्ये कोणी अलार्म, टेप, फॉग लाइट बसवला असेल तर लाजू नका, सांगा. गाडी हलतच नसेल तर फोंडा, म्हापसा, मडगाव भागात आम्ही घरी येऊन चेक करतो, फक्त चवथीच्या आधीच्या आठवड्यात नाही, तेव्हा आमची पोरं पण माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला घरी गेलेली असतात.