लंपीचा विषाणू पेशीत शिरून करतो तरी काय?

२०२२ साली सांगली-साताऱ्याच्या गोठ्यांत लंपी शिरला. जनावरांचे बाजार बंद झाले, आणि अंगभर गाठी उठलेली खिलार गाय दावणीला पाहून माणसं हवालदिल झाली. या आजाराची पहिली नोंद आफ्रिकेतल्या झांबियातली, १९२९ सालची. तेव्हा लोकांना वाटलं, जनावराला विषबाधा झाली असावी किंवा किडा चावला असावा. दुसरा अंदाज अगदीच वाया गेलेला नव्हता. चावऱ्या माशा, डास आणि गोचीड हेच या विषाणूचे मुख्य वाहक. आजारी जनावराला चावलेल्या माशीच्या सोंडेला विषाणू चिकटतो आणि तीच माशी शेजारच्या गायीवर जाऊन बसली की काम झालं.

हा विषाणू देवीच्या विषाणूच्या घराण्यातला. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात तीन हजारांवर सहज मावतील. तरी विषाणूंमध्ये हा थोराड. पोलिओचा विषाणू याच्या दहाव्या हिश्शाएवढा. लंपीच्या डीएनएत सुमारे दीड लाख अक्षरं आणि दीडशेच्या वर जनुकं आहेत; करोनाच्या विषाणूचा सगळा मजकूर तीस हजार अक्षरांत आटपतो.

एवढा बाडबिस्तरा कशाला? डीएनएवाले बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात घुसतात, कारण डीएनए वाचण्याची आणि त्याच्या प्रती काढण्याची यंत्रणा तिथे असते. लंपी केंद्रकाच्या वाटेलाच जात नाही. बाहेरच्या पेशीद्रवातच मुक्काम ठोकतो आणि डीएनए वाचणारं विकर (एन्झाइम) स्वतःबरोबर घेऊन येतो. पण प्रथिनं बनवणारे रायबोसोम त्याच्याकडे नाहीत. ते गायीचेच वापरावे लागतात, आणि ऊर्जाही तिचीच. भांडीकुंडी, शिधा घेऊन आलेल्या पाहुण्याकडे चूल मात्र नसावी, तशी गत. चूल असलेला विषाणू अजून तरी कोणाला सापडलेला नाही. सगळेच बिनचुलीचे आहेत.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. जिवाणू वाढतो तो एकाचे दोन, दोनाचे चार होत. विषाणूचं तसं नाही. आत शिरलेला विषाणू आधी स्वतःच मोडतो. गाभ्यातून पहिले निरोप बाहेर पडतात, त्यावरून पहिली प्रथिनं बनतात, मग गाभा उकलून डीएनए मोकळा होतो. या वेळी पेशी फोडून शोधलं, तर संसर्ग करू शकेल असा अखंड विषाणू हाती लागणं मुश्कील. तिकडे डीएनएच्या प्रती निघत असतात, कवचाची प्रथिनं वेगळी तयार होत असतात. शेवटी सुटे भाग एकत्र येतात: आधी गोल, कच्चे कण, मग त्यांना विटेसारखा आकार येतो. काही जण जादा पापुद्रा पांघरून बाहेर सटकतात, बाकीचे पेशी फुटली की सुटतात. ताप चढतो, गाठी वर येतात, तोवर हे फेरे कितीतरी वेळा होऊन गेलेले असतात.

म्हणूनच लंपीवर अँटिबायोटिक चालत नाही. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. इथे भिंतच नाही. डॉक्टर ते देतात ते फुटलेल्या गाठींत जिवाणू शिरू नयेत म्हणून. खरी भिस्त लसीवर. आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली, कारण त्या विषाणूचा आणि लंपीचा डीएनए सुमारे ९७ टक्के जुळतो. एकाची ओळख पटलेलं शरीर दुसऱ्यालाही अडवतं.

गाय बरी झाली तरी गोठा लगेच निर्धास्त होत नाही. गळून पडलेल्या वाळक्या खपलीत हा विषाणू ३५ दिवसांपर्यंत तग धरतो, आणि अंधाऱ्या, घाण गोठ्यात तर कित्येक महिने. ऊन मात्र त्याला सोसत नाही, आणि बाहेरचा पापुद्रा स्निग्ध असल्याने साबणासारखी द्रव्यंही सोसत नाहीत. खपल्या गोळा करून जाळाव्यात, उकिरड्यावर लोटू नयेत.