खेळात आटलेली विहीर

पाच शेतकरी आणि जमिनीखालचं सामाईक पाणी. खेळाची प्रत्येक फेरी म्हणजे एक हंगाम, आणि प्रत्येकाने एवढंच ठरवायचं की कमी पाण्याचं पीक घ्यायचं की जास्त पाण्याचं. समजण्यापुरता हिशेब असा धरा: सुरुवातीला ५० मापं पाणी, पावसाने दरसाल ५ मापांची भर. हरभऱ्यासारख्या पिकाला १ माप पाणी लागतं आणि पैसे सुटतात २. बागायती पिकाला पाणी ३ मापं, पैसे ५. पाचही जणांनी बागायत धरली तर दरसाल १० मापांची तूट, म्हणजे पाचव्या हंगामाअखेर विहिरी कोरड्या. एकट्यानेच धरली तर तूट फक्त २. पण त्याच्या हातात पडलेले ५ बाकीचे चौघं बघत असतात, आणि पुढच्या फेरीला त्यांनाही बागायतीकडे वळावंसं वाटतं.

साधारण याच घडणीचा खेळ आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये खेळला गेला. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून तो घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ आणि २०१८ साली प्रसिद्ध झाले. आज तरुण शेतकऱ्यांना पुढची दहा-वीस वर्षं आखायला शिकवणाऱ्या 'गंभीर खेळां'ची, म्हणजे करमणुकीपेक्षा शिकण्यासाठी रचलेल्या खेळांची, चर्चा होते, तेव्हा हा दाखला हमखास निघतो. मात्र इथवर यायला खेळाला बरीच वळणं घ्यावी लागली. त्या प्रवासात मला सगळ्यात बोलका वाटतो तो एकच प्रश्न: पटाभोवती बसायचं कोणी?

सुरुवातीला बसले ते लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये रायस्विट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ आपल्या सैन्यापुढे मांडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी असेच खेळ आले. १९७० साली क्लार्क अ‍ॅब्ट यांनी 'सीरियस गेम्स' हेच शीर्षक देऊन पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला नाव मिळालं.

शेती पटावर आली ती याच सुमारास, आणि तीही भारतातली. केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ ग्रॅहम चॅपमन यांनी बिहारमधल्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यातून त्यांनी 'हरितक्रांतीचा खेळ' रचला. खेळणाऱ्याने एक शेतकरी कुटुंब चालवायचं: बियाणं, खत, मजूर, कर्ज यांचा मेळ घालायचा आणि पावसाची वाट बघायची. पण खेळणारे बहुतेक विद्यार्थी आणि विकासाच्या क्षेत्रात काम करू पाहणारे लोक. बिहारचा शेतकरी पटावर होता, पटाभोवती नव्हता. तरी दोन तासांसाठी का होईना, 'शेतकरी नवं बियाणं का घेत नाही' असं विचारणाऱ्याला सावकाराच्या दारात उभं राहावं लागलं, हे काही थोडं नाही.

खुद्द शेतकऱ्याला बसवलं ते सेनेगलमध्ये. सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या सिंचन योजनांचं काम का बिघडतं, हे शोधण्यासाठी ऑलिव्हिए बारेतो आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात शेतकऱ्यांच्या वागण्याची नक्कल करणारं संगणकी प्रारूप बनवलं. ते गावकऱ्यांना दाखवायचं कसं? पडद्यावरच्या आकड्यांवर कोण कशाला विश्वास ठेवील? म्हणून त्यांनी प्रारूपाचाच खेळ केला आणि शेतकऱ्यांच्या हाती दिला. आपलं वागणं यात नीट उतरलंय की नाही, हे आता शेतकरीच सांगू लागला. पुढे फ्रान्समध्येच पशुपालकांसाठी 'चारा-रमी' निघाली. वर्षभरात कोणत्या महिन्यात किती चारा निघेल आणि जनावरं किती खातील, याची जुळणी पटावर करायची. रमी म्हटल्यावर आपल्या पारावरची मंडळीही सरसावून बसतील, पण इथे लावायचे ते चाऱ्याचे महिने.

दुसरा धागा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा. पाणी, कुरण यांसारखं सामाईक साधन लोक ओरबाडूनच खाणार, या १९६८ पासून गाजलेल्या गॅरेट हार्डिन यांच्या सिद्धान्ताला त्यांनी आव्हान दिलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक साधनातून कोण किती उचलतो हे बघणारे त्यांचे प्रयोग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर चालत. कोलंबियाचे अर्थशास्त्रज्ञ हुआन कामिलो कार्देनास यांनी ते कोलंबियातल्या खेड्यांत नेले. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आपल्या सरकारी कचेऱ्यांत फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे: बाहेरून नियम आणि ढिलाईने वसूल होणारा दंड आला की लोक हळूहळू जास्तच स्वार्थी वागू लागले, नुसतं आपसात बोलू दिलं तेव्हा त्यांनी जास्त सांभाळून घेतलं.

आंध्रात हे दोन्ही धागे एकत्र आले. तिथले दोन तपशील मला महत्त्वाचे वाटतात. खेळातल्या कमाईप्रमाणे रोख पैसे दिले, तरी पीकनिवडीत फरक पडला नाही. आणि आपसात बोलायची मुभा दिल्याचा परिणाम पहिल्या वर्षी दिसला नाही. वर्षभराने थोडा बदललेला खेळ त्याच गावांत घेतला, तेव्हा दिसला. खेळानंतर सगळ्या गावाला बसवून चर्चा केली जाई. त्याच स्वयंसेवी संस्थेच्या पाणी-कार्यक्रमातल्या इतर गावांपेक्षा खेळ झालेल्या जास्त गावांनी पुढे पाण्याची नोंदवही आणि उपशाचे नियम स्वीकारले. खेळाने भूजल वाढलं, असा दावा अभ्यासकांनी केलेला नाही.

तरुणांचं काय? युरोपातल्या कृषी शिक्षणसंस्थांनी २०२० च्या सुमारास 'सेगाए' हा ऑनलाइन खेळ आणला. त्यात विद्यार्थी पिकं आणि गाई असलेलं शेत चालवतो, आणि त्याच्या निर्णयाचा पैशावर, पर्यावरणावर, माणसांवर काय परिणाम होतो ते बघतो. आपल्याकडची अडचण मात्र संगणकाची नाही. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ४० टक्के शेतकऱ्यांनी संधी मिळाली तर शेती सोडू असं सांगितलं होतं. त्यांच्या घरात वाढलेली पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. सातबारा वडिलांच्या नावावर, पीक वडील ठरवणार, आणि पोराने मोटार चालू-बंद करायची. खेळात मात्र त्याची स्वतःची विहीर असते, आणि ती आटते तीही त्याच्याच निर्णयाने.

महाराष्ट्रात याला जोडायला जागा तयार आहे. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या काळापासून गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती झाला, पाणी किती मुरलं, पिण्याला किती राखायचं हे बघूनच कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेनेही निवडक गावांत असे अंदाजपत्रक करायला लावले. रब्बीची ही बैठक पेरणीआधी होते. खेळ घ्यायचा तर त्याआधीच्या आठवड्यात घ्यावा, आणि वडील आणि मुलगा यांना वेगवेगळ्या पटांवर बसवावं. एकाच पटावर बसवलं तर पोरगं वडिलांच्या तोंडाकडे बघूनच पीक सांगेल.