चित्रपटमालिकांवर आधारित थीम पार्क आकर्षणे

लोकप्रिय चित्रपटमालिकेचे जग राइड, इमारती, दुकाने आणि खाण्यापिण्याच्या पदार्थांतून प्रत्यक्ष उभे करण्याची रचनापद्धती. रचनाकारापुढचा मूळ प्रश्न असा असतो : आत आलेला चाहता या जगात कोण असतो आणि त्याला कोण भेटायला हवे?

हा प्रश्न जुना आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड १९५५ साली सुरू झाले, तेव्हा तिथल्या स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइट दिसतच नसे. गाडीत बसलेला पाहुणाच स्नो व्हाइट, अशी कल्पना होती. ती बहुतेकांच्या लक्षातच आली नाही. नायिका कुठे आहे, असे लोक विचारत राहिले आणि १९८३ च्या नूतनीकरणात तिला आणून बसवावे लागले.

ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये जून २०१० मध्ये हॅरी पॉटरचे जग खुले झाले. चित्रपटांचे कलादिग्दर्शन करणारे स्टुअर्ट क्रेग याच्या आखणीतही होते. इथे पाहुण्याला कोणाची भूमिका करावी लागत नाही. हॅरी जिथून चालला तिथून त्याने चालायचे, एवढेच. मुख्य राइडची रांगच हॉगवर्ट्स या जादूशाळेच्या किल्ल्याच्या दालनांतून, बोलक्या तसबिरींसमोरून जाते. शेजारच्या दुसऱ्या युनिव्हर्सल पार्कमध्ये २०१४ साली आलेली डायगन अ‍ॅली, म्हणजे कथेतली जादूगारांची बाजारगल्ली, तर बाहेरून दिसतही नाही. समोर नुसत्या लंडनच्या इमारती. विटांच्या भिंतीतली वाट शोधून आत शिरायचे. बाहेरच्या लाल टेलिफोन बूथमध्ये ६२४४२ फिरवले की जादू मंत्रालय उत्तर देते. फलक नाही, सूचना नाही. माहीत असलेल्यालाच ते सापडते. चाहत्याला सुखावते ते नेमके हेच. विकत घेतलेली छडी दुकानाच्या खिडकीपुढे ठरावीक पद्धतीने फिरवली की आतली वस्तू हलते : छडीच्या टोकावरून परतणारा अवरक्त प्रकाश कॅमेरा टिपतो. या दोन जगांना जोडणाऱ्या हॉगवर्ट्स एक्सप्रेस या आगगाडीने जायचे तर मात्र दोन्ही पार्कांचे तिकीट लागते. व्यापारी हिशेबही तितकाच चोख.

डिस्नीने २०१९ साली ‘स्टार वॉर्स’साठी उलट वाट धरली. बटू हा नवाच ग्रह निर्माण केला आणि काळ शेवटच्या चित्रपटत्रयीचा ठरवला. त्यामुळे जुन्या चित्रपटांतले ल्यूक किंवा डार्थ व्हेडर तिथे सुरुवातीला भेटत नसत. तर्क शुद्ध होता, पण जुने चाहते हिरमुसले. पाहुण्यांना दोन रात्री कथेत गुंतवून ठेवणारे फ्लोरिडातील स्टार वॉर्स हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले.

कधी क्रम उलटाही असतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ राइड १९६७ ची, चित्रपट २००३ चा. जॅक स्पॅरो राइडमध्ये आला तो २००६ साली.

नवे जग उभारायचे तर जुने पाडावे लागते. डायगन अ‍ॅलीच्या जागी आधी ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटाची राइड होती. ती जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. तिचे चाहते आजही त्या गल्लीत येतात आणि एका दुकानाच्या खिडकीत ठेवलेला शार्कचा जबडा शोधतात.