फुफ्फुसाच्या बीपीची गोळी आणि रक्तातली ‘लेव्हल’

फिरत आलेला समज असा: फुफ्फुसातल्या रक्तदाबावरची, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनची, गोळी लागू पडते का हे रक्तातली औषधाची पातळी मोजून कळतं, ती मोजत नसतील तर उपचार अर्धवट.

समज अगदीच हवेतून आलेला नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, लिथियम, डिगॉक्सिन यांची पातळी खरोखर मोजतात, कारण तिथे गुणकारी आणि घातक मात्रेत अंतर थोडं असतं. फुफ्फुसाच्या बीपीवरच्या सिल्डेनाफिल या गोळीचं तसं नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ४ तासांत निम्मं होतं, म्हणून तर गोळी दिवसातून ३ वेळा. सकाळी ९ चा नमुना आणि दुपारी १ चा, आकडे वेगळेच येणार. शिवाय रक्तात औषध आहे एवढ्यानं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैलावल्या असं ठरत नाही.

मग बघतात काय? परिणाम. सरळ पॅसेजमध्ये ६ मिनिटं चालायला लावतात, बोटाला ऑक्सिमीटर. किती मीटर झाले ते लिहून ठेवतात आणि मागच्या खेपेशी ताडून बघतात. सोबत टू-डी इको, आणि हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी. गरज पडली तर कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून थेट दाब मोजतात.

बोसेंटान ही याच आजारावरची दुसरी गोळी, ती घेणाऱ्यांचं दर महिन्याला रक्त काढतात. गोंधळ बहुधा तिथूनच. रिपोर्ट उघडून बघा, एसजीपीटी, एसजीओटी लिहिलेलं असेल. ती यकृताची तपासणी, औषधाची नव्हे. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा. त्यानं या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खरंच घसरतं.