सिस्टरना अभिमान कशाचा वाटतो?

12 मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती. मुंबईतल्या रुग्णालयांत केक कापले जातात, गुलाब वाटले जातात, 'आमच्या सिस्टर, आमचा अभिमान' असे फलक झळकतात. पण सिस्टरना आपल्या रुग्णालयाचा अभिमान वाटतो का, हे कोण विचारतो?

या अभिमानाचा धागा अभ्यासक वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरच्या वागण्यापर्यंत नेतात. 'नैतिक नेतृत्व', म्हणजे वरिष्ठ स्वतः सचोटीनं आणि न्यायानं वागतात का, हे मोजणारी 10 विधानांची प्रश्नावली ब्राऊन, ट्रेव्हिनो आणि हॅरिसन यांनी 2005 मध्ये मांडली. तिच्या मुळाशी अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धान्त आहे: माणूस वरिष्ठांचं वागणं बघून शिकतो.

समजा, रात्रपाळीत एका नवख्या सिस्टरकडून इंजेक्शनचा डोस चुकला. इन्चार्ज म्हणाली, ''आधी पेशंटचं बीपी बघ, डॉक्टरांना कळव. रिपोर्ट मग दोघी मिळून लिहू.'' बाकीच्या सगळ्या कान टवकारून असतात. पुढच्या वेळी चूक सांगायची की गिळायची, ते तिथंच ठरतं.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच आले! कारण हाती येते ती नोंदलेली चूक. नोंद म्हणजे घडलेल्या चुका गुणिले त्या सांगितल्या जाण्याचं प्रमाण. एका वॉर्डात 10 चुका घडल्या, 80 टक्के सांगितल्या: नोंद 8. दुसऱ्यात 20 घडल्या, 10 टक्के सांगितल्या: नोंद 2. कागदावर दुसरा वॉर्ड आदर्श! म्हणून 'शून्य चुका'ची ढाल मिरवणाऱ्या वॉर्डावर माझा तरी पटकन विश्वास बसत नाही. व्यवस्थापनं मात्र प्रेरणादायी वक्त्यांवर पैसे उधळतात. त्यापेक्षा दारावरची लिंबू-मिरची स्वस्त, आणि गुण तितकाच.

अभिमान कामातून कसा उभा राहतो, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयानं दाखवलंय. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या; त्यांची शुश्रूषा सहकारी परिचारिकांनी 1973 ते 2015 अशी अखंड केली. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं.

तरी एक मेख आहे. इन्चार्जचं वागणं आणि सिस्टरचा अभिमान यांचा संबंध शोधणाऱ्या पाहण्यांत बऱ्याचदा एकच सिस्टर एकाच बैठकीत इन्चार्जलाही गुण देते आणि स्वतःच्या अभिमानालाही. त्या दिवशी मूड चांगला, तर दोन्हीकडे गुण चढे. म्हणून इन्चार्जबद्दल आज विचारावं आणि अभिमानाबद्दल सहा महिन्यांनी, तेही डबल ड्युटीच्या आठवड्यात.