जामीन झाला, मग पोरगं अजून आत का?

भाचीचं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं एमए, झालं, आता तिला पीएचडी करायचीय आणि गाइड कुणाला घ्यावं हे ठरवायला ती माझ्याकडे प्राध्यापकांची यादी घेऊन आली. प्रत्येक नावापुढे 'संशोधनाचे विषय' लिहिलेले, कच्चे कैदी, बेघर लोक, घरगुती हिंसाचार, म्हातारपण, स्थलांतर, मानसिक आरोग्य. म्हणाली, मावशी, ही तर एखाद्या संस्थेच्या कामांची यादी वाटते, यात संशोधन कुठंय? तिचं काही चुकलं नाही, सोशल वर्क म्हटलं की आपल्याकडे अजून ब्लँकेट वाटपच डोळ्यासमोर येतं. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, आणि यादीतला पहिलाच विषय घेते, कच्चे कैदी, म्हणजे खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेली माणसं, कारण तो मी जवळून पाहिलाय.

माझं फिल्डवर्क होतं तुरुंगातल्या लोकांसोबत. तिथे एकोणीस वर्षांचा एक मुलगा, दरभंग्याकडचा, जरीच्या कारखान्यात कामाला, मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत आलेला. मला वाटलं याला जामीनच मिळाला नसेल. फाइल उघडली तर जामीन चार महिन्यांपूर्वीच मंजूर! पंधरा हजार आणि एक जामीनदार. पण जामीनदार म्हणून उभं राहायचं तर रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप किंवा घराची कागदपत्रं हवीत, सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तेवढी ऐपत असल्याचा दाखला, हवं, आणि या मुलाला मुंबईत ओळखणारं कोण, तर त्याच्यासोबत कारखान्यातच झोपणारी सहा पोरं. त्यांच्यापैकी एकाकडेही मुंबईच्या पत्त्याचा कागद नव्हता.

आता बघा, इथे संशोधन सुरू होतं. भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२, म्हणजे चारातली तीन, कच्चे कैदी होते, खटला संपलेलाच नाही. आपण आकडा वाचतो, कोर्टं तुंबलीत म्हणतो आणि पुढे जातो. सोशल वर्कचा अभ्यासक तिथे थांबतो आणि अटक, वकील, अर्ज, आदेश, जामीनदार, कागद, सुटका असा सगळा रस्ता एका माणसाबरोबर चालून बघतो, मग शंभर माणसांबरोबर, आणि गाडं नेमकं कुठं अडतं ते मोजतो. डॉक्टरने नुसतं 'ताप आहे' न म्हणता कशाचा ताप ते शोधावं तसंच हे. कारण वकीलच नसेल तर उपाय वेगळा, आणि जामीन मंजूर होऊन जामीनदार नसेल तर पूर्ण वेगळा.

हे अडणं काही नवीन नाही. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गरीब गवंड्याची केस आली होती, खालच्या कोर्टाने दहा हजारांची हमी मागितली आणि भाऊ जामीन राहायला तयार होता तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नकार दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. माझ्या फाइलमधला मुलगा त्यानंतर तीसेक वर्षांनी त्याच दारात अडकलेला.

मग यावर करायचं काय? मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, म्हणजे टिसचा, 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हेच करतोय, आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की शिकवणारे, संशोधन करणारे आणि तुरुंगात जाऊन बसणारे लोक एकाच घरातले आहेत. प्रशिक्षित सोशल वर्कर आत जाऊन कैद्याशी बोलते, घरी निरोप देते, कागद गोळा करते, वकिलाला माहिती पुरवते. हे काम म्हणजे मदतही आणि एक प्रकारचा प्रयोगही, कारण त्यातून कळतं की तुरुंगात अशी एक व्यक्ती असली की काय बदलतं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं, आणि त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची केंद्राची योजना आली.

पण हे शास्त्र अवघड कुठे आहे ते सांगते. प्रयोगशाळेत अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना साखरेची गोळी देता येते, इथे अर्ध्या कैद्यांना मदत करायची आणि उरलेल्यांना नुसतं मोजत बसायचं हे मनाला पटणारं नाही. दुसरं म्हणजे संमती. बराकीतल्या माणसाला तुम्ही विचारलंत, 'तुमची मुलाखत घेऊ का?' तर तो हो म्हणणारच, कारण त्याला वाटतं या ताई मला सोडवतील. तो होकार खरा होकार आहे का? यावर सोशल वर्कच्या पीएचडीत खूप वेळ जातो आणि जायलाच हवा. आणि तिसरं, आपण काय लिहून ठेवतो ते. त्या मुलाच्या फाइलमध्ये मी रकाना भरला होता, 'कुटुंबाचा आधार नाही'. माझ्या सुपरव्हायजर मॅडमनी विचारलं, त्याचा भाऊ दर रविवारी तुला फोन करतो ना गं? मी म्हटलं हो. त्यांनी ती ओळ खोडून शेजारी लिहिलं, 'आधार आहे, गाडीभाडं नाही'. विचार करा, माझी ती ओळ तशीच राहिली असती आणि अशा पाचशे फायलींवरून कुणी तक्ता केला असता तर निष्कर्ष निघाला असता की या पोरांना घरच्यांनी टाकलंय!

यादीतले बाकीचे विषयही असेच कामातून उगवलेत. घरगुती हिंसाचाराचं बघा, १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे पोलिसांच्याच आवारात सोशल वर्कर बसवली, कारण मार खाल्लेली बाई आधी तिथेच येते. लहान मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइनही १९९६ मध्ये तिथूनच निघाली.

तो मुलगा शेवटी सुटला, वकिलांनी जातमुचलक्यासाठी अर्ज केला आणि दोन तारखांनंतर तो मंजूर झाला. भाचीने ऐकून घेतलं आणि यादीतल्या दोन नावांवर खूण केली. तिचा विषय अजून पक्का नाही पण वहीत तिने दोन रकाने आखलेत, एकात जामिनाच्या आदेशाची तारीख, दुसऱ्यात गेटबाहेर पडल्याची. मधले दिवस तिला मोजायचेत, आणि सोमवारी ती त्यासाठी परवानगीचा अर्ज टाकायला जातेय.