बेदरकार ड्रायव्हिंगचं चलन आलंय? 'कबूल' म्हणण्याआधी कलम बघा

चलन हातात पडलं की नजर आधी दंडाच्या आकड्यावर जाते. आकडा राहू द्या, कलम शोधा. हेल्मेट किंवा पार्किंगचं चलन पैसे भरले की मिटतं. पण कागदावर 'मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८४' असेल तर तो धोकादायकपणे वाहन चालवल्याचा आरोप आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून त्याची शिक्षा अशी: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा झाला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते, किंवा दंड १०,००० रुपये, किंवा दोन्ही. म्हणून 'हजाराचा तर प्रश्न आहे, भरून टाकू' हा हिशेब इथे चुकतो. आजची कबुली पुढच्या वेळी आडवी येते.

सिग्नल तोडणं, स्टॉपची खूण न पाळणं, मोबाइल हातात धरून गाडी चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, राँग साइडने येणं हे सगळं १८४ मध्ये बसतं. यातल्या फक्त मोबाइलच्या प्रकरणात तडजोड शुल्क भरून सुटण्याची सोय कलम २०० मध्ये आहे. बाकीच्यांना कायद्याने कोर्टाची वाट दाखवली आहे. आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं) खाली एफआयआर झाला असेल, तर तो थेट फौजदारी खटला. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

दाद कोण मागू शकतं? समन्स ज्याच्या नावाने आलं आहे तो. कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या मालकाच्या नावाने येतं, पण १८४ चा गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्याचा. गाडी भाऊ किंवा ड्रायव्हर चालवत होता, तर मालकाने तसं लेखी कळवावं. चालकाची माहिती देणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे. चालवणारा अल्पवयीन असेल तर मात्र हा मार्ग उलटा अंगाशी येईल, कारण कलम १९९अ पालकाला आणि मालकालाच धरतं.

आता ज्या कलमाकडे फारसं कुणी बघत नाही ते कलम २०९. १८३ (अतिवेग) किंवा १८४ खाली दोषी ठरवायचं तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असली पाहिजे. एक तर जागेवरच 'तुमच्यावर खटला होऊ शकतो' अशी ताकीद मिळालेली हवी. नाहीतर १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि ठिकाण लिहिलेली नोटीस चालकाला किंवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली हवी. तेही नसेल तर २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेलं हवं. म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. अपवाद दोन आहेत: योग्य तो प्रयत्न करूनही नाव-पत्ता वेळेत सापडला नाही, किंवा उशीर आरोपीच्या वागण्यामुळेच झाला. आरसी बुकावर जुना पत्ता ठेवून 'नोटीस आलीच नाही' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

प्रकरण आभासी न्यायालयात म्हणजे व्हर्च्युअल कोर्टात आलं असेल, तर संकेतस्थळावर चलन क्रमांक किंवा गाडीचा नंबर टाकल्यावर दोन पर्याय दिसतात: दंड भरा, किंवा खटला लढवा. दुसरा निवडला की प्रकरण हद्दीतल्या नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या प्रकरणाचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, त्यावर ई-कोर्ट्स ॲपमध्ये तारीख कळते.

पहिल्या तारखेला कोर्ट बसण्याआधी पोचा. दालनाबाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला क्रमांक बघा आणि पुकारा होईपर्यंत चहाला जाऊ नका. आवारात 'कबूल करून टाका, दहा मिनिटांत मोकळे' असं सांगणारे फुकट सल्लागार भेटतातच. आत न्यायाधीश आरोप थोडक्यात समजावतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" लढायचं असेल तर उत्तर एवढंच: "कबूल नाही." 'म्हणजे सिग्नल तुटला साहेब, पण घाई होती' असं काही बोललात तर ती कबुलीच धरली जाऊ शकते. जातमुचलका, म्हणजे तारखांना हजर राहण्याची लेखी हमी, लिहून द्यावा लागू शकतो. पुढच्या तारखांना येणं खरंच शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. अर्जही नाही आणि तुम्हीही नाही, तर वॉरंट निघू शकतं.

मग साक्ष. बहुतेक वेळा ज्यांनी चलन केलं ते वाहतूक पोलीसच मुख्य साक्षीदार असतात. जबाबात 'भरधाव', 'बेदरकारपणे' हे शब्द ठरलेलेच असतात, पण त्या शब्दांनी गुन्हा सिद्ध होत नाही. रस्ता कसा होता, त्या वेळी रहदारी किती होती, हे बघूनच धोका ठरवावा असं १८४ म्हणतं. उलटतपासणीत तेच विचारायचं: आपण नेमके कुठे उभे होतात? गाडी किती अंतरावर होती? मध्ये बस होती का? चालकाचा चेहरा दिसला का? धोका नक्की कुणाला झाला? सोबत १८३ लावलं असेल तर लक्षात ठेवा, केवळ एका साक्षीदाराच्या 'मला वेग जास्त वाटला' या मतावर त्या कलमाखाली दोषी ठरवता येत नाही. ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं.

कागद म्हणाल तर चलन किंवा समन्सची प्रत, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र. वकील असेल तर वकीलपत्र. याखेरीज तुमच्या बचावाला लागेल ते: गाडी आधीच विकली असेल तर हस्तांतरणाचे कागद, कुणी आपल्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरत असेल तर पोलीस तक्रारीची प्रत आणि दोन्ही गाड्यांमधला फरक दाखवणारे फोटो. डॅशकॅमचं चित्रीकरण नुसतं पेन ड्राइव्हवर नेऊन चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. फोटोत लाल दिवा, तुमची नंबरप्लेट आणि तुम्ही, तिन्ही लख्ख दिसत असतील, आणि नोटीसही वेळेत आली असेल, तर निव्वळ हट्टापायी लढू नका. चार तारखांना चार रजा जातील.

निकाल विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. निर्दोष सुटलात तरी नक्कल घ्याच. पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं असेल तर तिथे हीच प्रत दाखवावी लागेल. तोवर जप्तीच्या वेळी मिळालेली पोच पाकिटात ठेवा. पण १८४ सारख्या प्रकरणात तिच्या जोरावर गाडी चालवता येत नाही, लायसन्स परत मिळेपर्यंत थांबावं लागतं.